लहान बायबल कॉलेजात सेवेचं शिक्षण घेताय? या चुका टाळा

बायबल कॉलेजात नापास होणाऱ्यांपेक्षा चांगल्या गुणांनी पास होऊन आतून कोरडे बाहेर पडणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. मी अशाच एका लहान कॉलेजात शिकलो. आमच्या वर्गात अकरा जण होते. आता एक मंडळी, म्हणजे चर्च, सांभाळून आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो. खाली ज्या चुका लिहितोय त्या आळशी विद्यार्थ्यांच्या नाहीत. पहाटे उठून प्रार्थना करणाऱ्या, देवाचं पाचारण ओळखून घर सोडून आलेल्या मुलामुलींच्या आहेत. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत.

वचन फक्त दुसऱ्यांसाठी वाचणं

ही चूक सगळ्यात आधी लिहितो, कारण बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. लक्षण असं: तुम्ही बायबलचा एखादा उतारा वाचायला घेता आणि तो तुमच्याशी काही बोलण्याआधीच डोक्यात संदेशाचे, म्हणजे प्रवचनाचे, तीन मुद्दे तयार होतात. हा उतारा युवकांच्या सभेला चालेल, हा अंत्यविधीला, हा असाइनमेंटला. दिवसभर बायबल हातात असतं, पण आठवडा संपला तरी एकही वचन स्वतःला लागलेलं नसतं. पहिल्या वर्षी हे जाणवत नाही, कारण सगळंच नवं असतं आणि नवेपणाचा आनंद भक्तीसारखाच वाटतो.

डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकांनी १९३५ ते १९३७ या काळात जर्मनीत फिंकेनवाल्ड इथे पाळक तयार करणारी एक लहानशी शाळा चालवली. नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, ती बंद पाडली. तिथला नियम होता की प्रत्येकाने रोज सकाळी अर्धा तास एका छोट्या उताऱ्यावर शांतपणे मनन करायचं, तोच उतारा आठवडाभर घ्यायचा आणि त्या वेळेत संदेशाची तयारी करायची नाही. सुरुवातीला विद्यार्थ्यांना हे फार जड गेलं. मला त्यात नवल वाटत नाही. अर्धा तास वचनासमोर रिकाम्या हाताने बसणं हे ग्रीक व्याकरणापेक्षा अवघड आहे.

तुम्हीही तेच करा. ज्यावर परीक्षा नाही आणि ज्यावर बोलायचंही नाही असा एक भाग निवडा. स्तोत्रं घेतली तर उत्तम. पेन जवळ ठेवू नका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालेल.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट. रोमकरांस पत्रावरचे चार भाष्यग्रंथ चाळलेले, पण यहेज्केलचं पुस्तक एकदाही सलग न वाचलेले विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. बायबलच्या ६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात एक वाचन होतं. कोर्स तीन वर्षांचा असेल तर तीन वाचनं होतील. ग्रंथालयातलं कोणतंही पुस्तक याची जागा घेऊ शकत नाही.

अर्धवट ग्रीक संदेशात वापरणं

ग्रीकचे, म्हणजे नव्या कराराच्या मूळ भाषेचे, दोन महिने झाले की संदेशात 'मूळ भाषेत' हे शब्द यायला लागतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारं उदाहरण रोमकरांस १:१६ चं आहे. तिथे सामर्थ्यासाठी 'दुनामिस' शब्द आहे, त्यावरूनच डायनामाइट आलं, म्हणजे सुवार्ता ही स्फोटक आहे, असं सांगितलं जातं. आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ साली, आणि प्रेषित पौलाने रोमकरांना हे पत्र लिहिलं पहिल्या शतकात. नोबेलने जुना ग्रीक शब्द उचलला, एवढंच. पौलाच्या मनात कसलाही स्फोट नव्हता. त्याच वचनात पुढे तारणाचा उल्लेख आहे. माणसाला वाचवणारं सामर्थ्य असा त्याचा अर्थ आहे, आणि फोडून टाकणाऱ्या शक्तीशी त्याचा काही संबंध नाही.

दुसरं उदाहरण 'अगापे'चं. हे फक्त देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि 'फिलिया' म्हणजे साधी मैत्री, असं ठासून सांगितलं जातं. पण २ तीमथ्य ४:१० मध्ये पौलाचा सहकारी देमास याने या जगावर प्रेम केलं आणि पौलाला सोडलं, तिथे क्रियापद 'अगापे'च्याच कुळातलं आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन याच्या सावत्र बहीण तामारविषयीच्या वासनेसाठीसुद्धा तेच क्रियापद आलं आहे. उलट योहान ५:२० मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो असं सांगताना 'फिलिओ' वापरलं आहे. मराठीतसुद्धा 'माया' आईची असते, पैशाची असते आणि जगाचीही असते. अर्थ वाक्य ठरवतं, शब्दकोशातली एक ओळ नाही.

उपाय सोपा आहे. संदेशात मूळ शब्द सांगण्याआधी तो नव्या करारात आणखी किमान पाच ठिकाणी कसा आला आहे ते स्वतः पाहा. पाहिल्यावर बहुतेक वेळा तो शब्द न सांगताच मुद्दा जास्त स्वच्छ मांडता येतो.

वचन संदर्भातून उचलण्याची चूकही याच घरातली. 'भविष्य आणि आशा' देण्याचं अभिवचन असलेलं यिर्मया २९:११ भिंतीवर लावण्याआधी त्याच्या आधीचं वचन वाचा. तिथे ७० वर्षांचा हिशेब आहे. बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र आहे आणि ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतणार नव्हते. एवढं कळल्यावर त्या वचनातली आशा कमी होत नाही, तिला वजन येतं. आणि हेही ध्यानात ठेवा की वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. नव्या करारात आज आहेत ते आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. म्हणून पत्र हे पत्रासारखं, एका बैठकीत वाचा.

भाषा मागे पडली की सोडून देणं

ग्रीक वर्णमालेत २४ अक्षरं आहेत, हिब्रूत २२. इथपर्यंत सगळे पोचतात. क्रियापदांची रूपं आली की मागे पडायला सुरुवात होते, आणि लहान वर्गात मागे पडणं लपत नाही, म्हणून लाज वाटून मुलं तोंडपाठ करून वेळ मारून नेतात. तसं करू नका. मराठी माणसाला एक फायदा आहे, तो वापरा: विभक्ती आणि तीन लिंगं ग्रीकमध्येही आहेत, आपल्याला ती बालपणापासून ठाऊक आहेत. नव्या करारात ५० किंवा त्याहून जास्त वेळा येणारे शब्द सुमारे ३०० आहेत, आणि पानावरच्या दर पाच शब्दांतले जवळपास चार त्यांच्यातलेच असतात. रोज पाच शब्द घेतले तर दोन महिन्यांत तेवढे होतात. ते झाले की योहानाचं पहिलं पत्र उघडा. त्याची भाषा सोपी आहे आणि पहिलं वाक्य स्वतः वाचता आलं तो दिवस तुम्ही विसरणार नाही.

शंका लपवणं

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कधीतरी हे होतं. वर्गात कळतं की मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे भाग चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. मंदिर शुद्ध करण्याची घटना योहान आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला सांगतो आणि बाकीचे तीन शुभवर्तमानकार येशूच्या शेवटच्या आठवड्यात. घरी कुणी हे कधी बोललेलं नसतं. मुलगा वर्गातून उठतो, प्रार्थनासभेत गाणी म्हणतो आणि रात्री जागा राहतो.

मोठ्या विद्यापीठात तो चार जणांशी बोलला असता. लहान कॉलेजात त्याला भीती वाटते की हे प्राचार्यांपर्यंत जाईल, तिथून पाठवणाऱ्या मंडळीपर्यंत, आणि मग मदत थांबेल. म्हणून तो गप्प राहतो. काही जण उलट करतात, मनात जे आलं ते वर्गात आव्हान म्हणून फेकतात आणि कोपऱ्यात अडकतात. मी गप्प राहिलेल्यांपैकी होतो. जवळजवळ वर्षभर. त्या वर्षातली माझी प्रार्थना केवळ दुसऱ्यांनी ऐकावी म्हणून होती.

आज कुणी माझ्याकडे आलं तर मी आधी प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहायला लावतो. लिहिताना बहुधा दोन वेगळे प्रश्न हाती येतात. एक माहितीचा असतो: हस्तलिखितांत फरक का आहेत? याला उत्तर आहे, ते वाचून मिळतं, आणि बहुतेक नव्या भाषांतरांच्या तळटीपांत हे फरक उघड छापलेले असतात, कुणी लपवलेले नाहीत. दुसरा प्रश्न वेगळा असतो: मी आता देवावर भरवसा ठेवू शकतो का? त्याला पुस्तक पुरत नाही, माणूस लागतो. ज्यांना तुम्ही प्रार्थना करताना आणि चूक कबूल करताना पाहिलं आहे, असे एक शिक्षक निवडा आणि त्यांच्याशी एकांतात बोला. सगळ्यांना सांगायची गरज नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून शिष्यांकरवी येशूला विचारलं होतं की येणारा तो (मशीहा) तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी. मत्तय ११ मध्ये ते आहे. येशूने त्याला झिडकारलं नाही. त्याने उत्तर पाठवलं आणि निरोप्ये गेल्यावर लोकांसमोर योहानाची थोरवी सांगितली. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रात तसंच ठेवलेलं आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली शंका स्टाफ मीटिंगमध्ये नेऊ नका. एकदा तसं झालं की पुढची पाच वर्षं कुणीही तोंड उघडत नाही.

प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याची गोष्ट सांगणं

वीस-तीस जण एकत्र राहतात, एकत्र जेवतात, एकाच चॅपलमध्ये बसतात. तिथे निंदा उघडपणे कुणी करत नाही. 'त्या भावासाठी जरा प्रार्थना करा, त्याचं अलीकडे…' अशी ती सुरू होते. मत्तय १८:१५ पाठ असूनही आपण आधी तिसऱ्याकडे जातो. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याशी आधी, एकट्याने बोला. खोलीतल्या भांडणात हे जमलं नाही तर पुढे मंडळीच्या पंच कमिटीत जमेल अशी आशा ठेवू नका.

एकाच शिक्षकाची नक्कल हीसुद्धा लहान जागेतली चूक. त्यांचा आवाज, त्यांचे हातवारे, त्यांची मतं. चांगल्या शिक्षकाला हे आवडत नाही.

दर रविवारी वेगळ्या मंडळीत पाहुणा होणं

संदेशाची आमंत्रणं येतात, मान मिळतो, सराव होतो. पण तीन वर्षांत तुम्हाला नावाने ओळखणारी, तुमचा राग पाहिलेली एकही मंडळी उरत नाही. एक मंडळी धरा. तिथे संडे स्कूल घ्या, आजाऱ्यांना भेटा, सभेनंतर खुर्च्या उचला. फील्ड वर्कच्या अहवालात यातलं थोडंच लिहिता येईल. पण दुखात असलेल्या घरात पंधरा मिनिटं गप्प कसं बसायचं, हे कोणत्याच पेपरात शिकवत नाहीत.

मान्यता आणि पैसा यांविषयी न विचारणं

हे विचारणं म्हणजे अविश्वास, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रवेशाआधी लेखी विचारा: पदवीला कोणत्या संस्थेची मान्यता आहे, तुमचा संप्रदाय ती पाळकाच्या दीक्षेसाठी ग्राह्य धरतो का, पुढच्या शिक्षणाला ती चालते का, आणि एकूण खर्च किती. कर्ज काढून सेवेत उतरलात तर पहिली काही वर्षं कर्जच ठरवील कुठे जायचं ते. हाताला दुसरं एखादं काम असू द्या. प्रेषितांची कृत्ये १८:३ प्रमाणे पौल तंबू करत असे, आणि त्यामुळे त्याची सेवा कमी दर्जाची ठरली नाही.

पुरेशी झोप घेणं हाही अविश्वास नाही. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला घातलं. मधल्या वेळेत तो पुन्हा झोपला, आणि देवाने त्याला झोपू दिलं.

परत गेल्यावर जुन्या पाळकांना दुरुस्त करणं

पदवी घेऊन पहिल्या महिन्यात हे घडतं. ज्यांनी तुम्हाला लहानपणी वचन शिकवलं, प्रवेशासाठी शिफारसपत्र दिलं, त्याच वृद्ध पाळकांच्या संदेशात तुम्हाला चुका दिसू लागतात. त्या चुका खऱ्याही असतात. मी सभा संपताच दारातच, चार लोकांसमोर, यिर्मयाचा संदर्भ समजावून दिला होता. ते 'बरं झालं सांगितलंस बाळा' म्हणाले आणि पुढचे कित्येक महिने माझ्यासमोर संदेश देताना अडखळत राहिले.

प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लो भेटतो: वक्ता, शास्त्रात निपुण, पण फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक असलेला. प्रिस्किल्ला आणि अक्विला या ख्रिस्ती दांपत्याने त्याचं बोलणं सभास्थानात ऐकलं आणि तिथे काहीही म्हटलं नाही. त्याला बाजूला घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पहिले सहा महिने फक्त ऐका. पाळकांबरोबर घरभेटींना जा, त्यांची बॅग धरा, कोणत्या घरातलं कोण वारलं आहे आणि कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांच्याकडून समजून घ्या. मी हे दुसऱ्या वर्षी सुरू केलं. एका संध्याकाळी परतताना त्यांनीच विचारलं, 'त्या दिवशी तू यिर्मयाचं काय सांगत होतास? पुन्हा सांग, नीट.' आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो आणि एकोणतिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला घेतला.