हरणांचा फीडर आणि रानडुकरं: या चुका टाळा

टेक्ससमध्ये हरणांच्या शिकारीचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि त्याच्या दोन-तीन आठवडे आधी मला फोन यायला लागतात. फोन करणारा बहुधा ऑस्टिन नाहीतर डॅलसचा, आयटीतला, नुकतीच चौघांत मिळून शिकारीसाठी जमिनीची लीज घेतलेला किंवा हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्ससच्या टेकड्यांच्या भागात, थोडी जमीन विकत घेतलेला आपलाच मराठी माणूस. तक्रार ठरलेली: "दादा, कॅमेऱ्यात हरणं दिसतच नाहीत, नुसती डुकरं. काय करू?" मग मी फीडरबद्दल, म्हणजे हरणांना बोलवायला ठरल्या वेळी आपोआप मका टाकणाऱ्या ड्रमबद्दल, विचारतो: त्याच्याभोवती कुंपण घातलंस का, मका किती पडतो, किती वाजता पडतो. उत्तरं ऐकून पुढचं मला तोंडपाठ असतं. ते एकदाच लिहून ठेवतो.

आधी शत्रू ओळखा. ही डुकरं मूळची इथली नाहीत. स्पॅनिश लोकांबरोबर आलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली आणि १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपोटी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्यांची त्यात भर पडली. आज टेक्ससमध्ये त्यांची संख्या २६ लाखांच्या वर धरतात आणि राज्याच्या २५४ काउंट्यांपैकी जवळपास सगळ्यांत ती आहेत. डुकरीण वर्षाची व्हायच्या आत गाभण राहू शकते आणि साधारण ११५ दिवसांत विते. त्यामुळे "आमच्या बाजूला डुकरं नाहीत" असं जमीन विकणारा सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही जरा संशय घ्या. जिथे मका, तिथे डुक्कर.

कुंपणात कंजूसपणा

माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त जाणारी चूक हीच. माणूस फीडरवर, कॅमेऱ्यावर, सेल्युलर प्लॅनवर आणि बुटांवर पैसे उडवतो आणि फीडरभोवती घालायचं कुंपण मात्र "पुढच्या वर्षी बघू". पुढच्या वर्षी बघायला फीडर उभा राहिला तर.

माझ्या ओळखीतल्या एकाने लॅनो काउंटीत लीज घेतली. हरणांसाठी हा भाग टेक्ससभर प्रसिद्ध, त्यामुळे गडी खुशीत. त्याला मी सांगितलं होतं, किमान दहा हॉग पॅनल, म्हणजे डुकरं अडवायच्या जाड तारांच्या जाळ्या, घे. एक पॅनल १६ फुटांचं. दहा पॅनल म्हणजे १६० फूट घेर, म्हणजे मधल्या फीडरपासून कुंपण साधारण २५ फुटांवर. त्याने सहा घेतली, कारण पिकअपमध्ये तेवढीच एका खेपेत मावली. सहा पॅनल म्हणजे फीडरपासून कुंपण जेमतेम १५ फुटांवर. फिरकीवाला फीडर मका त्याच्या पलीकडे आरामात फेकतो, १२ व्होल्टची मोटर असेल तर आणखी लांब. म्हणजे निम्मा मका बाहेर. डुकरांना आत जायची गरजच उरली नाही, ती बाहेर उभी राहून जेवायला लागली.

बाहेरचा मका संपला की ती कुंपणाला नाक लावायची. कुंपणाची एक बाजू पावसाळी ओहोळावरून गेलेली. तिथे पॅनल आणि जमीन यांच्यात हातभर फट. टी-पोस्ट, म्हणजे जमिनीत ठोकायचे लोखंडी खांब, तेही दोन पॅनलांमागे एक, कारण खाली कॅलिची, म्हणजे दगडासारखी चुनखडी माती, आणि ठोकून ठोकून याचे हात दुखले. त्यात पॅनल लावली होती उलटी. हॉग पॅनलला खालच्या बाजूची भोकं लहान असतात ती पिल्लं अडवायला, हे साहेबांनी बघितलंच नव्हतं. मोठी भोकं खाली, त्यामुळे पिल्लं सरळ चालत आत. पिल्लं आत गेल्यावर आई फट रुंद करून आत गेली, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी.

आत शिरणं सोपं होतं. नंतर बाहेर काहीतरी खुडबुडलं असावं, कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) असेल, आणि घाबरलेल्या कळपाला आलेली वाट सापडेना. कॅमेऱ्यातले फोटो मी पाहिलेत. एका फोटोत पॅनलला मुसंडी मारणारी डुकरीण, पुढच्यात वाकलेली पॅनल, त्याच्या पुढच्यात फीडरच्या तिपाईचा एक पाय हवेत. शेवटच्या फोटोत नुसतं आभाळ, कारण कॅमेराही त्याच टी-पोस्टला बांधला होता. ५५ गॅलनचा ड्रम मक्याने भरलेला, तो आडवा होऊन फुटला. शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा जमीन नांगरल्यासारखी झालेली आणि मक्याचा दाणा शिल्लक नाही. त्या जागी हरणं परत फिरकली तोवर सीझन निम्मा संपला होता.

म्हणून कुंपणाबद्दल माझे हट्ट सांगतो. दहा पॅनलच्या खाली मी बोलतच नाही, बारा असतील तर उत्तम. लहान गोलात हरीणही उडी मारून यायला बिचकतं. आत आल्यावर पळायला चारही बाजूंना जागा दिसली पाहिजे. उंची किमान २८ इंच. दुकानात मिळणारी हॉग पॅनल ३४ इंचांची असतात, तीच घ्या. गुरांची ५० इंची पॅनल घेऊन "आणखी सेफ" करू नका, पाडसं बाहेरच राहतील. टी-पोस्ट दर आठ फुटांवर, आणि पॅनल पोस्टच्या बाहेरच्या अंगाने बांधा, म्हणजे डुकराने बाहेरून ढकललं की पॅनल पोस्टवर रेलतं. आतून बांधलं तर सगळा भार बांधायच्या तारेवर येतो. ओहोळ, खड्डा, उतार असेल तर ती जागाच सोडा, सपाट जागा शोधा. आणि कॅमेरा वेगळ्या झाडाला.

कॅलिचीत पोस्ट जात नाही ही सबब मला सांगू नका. आदल्या आठवड्यात पाऊस पडलेला बघून जा.

रात्रभर मका पडून राहणं

डुकरं उन्हाळ्यात आणि माणसांचा त्रास असला की रात्रीची फिरतात. हरणांना तुम्हाला उजेडात बघायचंय. मग संध्याकाळी अंधार पडता पडता दहा सेकंद फीडर फिरवून कुणाला जेवण वाढताय? हरणं थोडं खातील, उरलेलं रात्रपाळीला.

मी संध्याकाळचा मका सूर्यास्ताच्या दोन तास आधी टाकतो आणि तोही कमी. डुकरं फारच माजली असतील तर संध्याकाळचं बंद, फक्त सकाळी. किती सेकंद फिरवायचं हे यूट्यूबवर विचारू नका. फिरकीभोवती पोतं धरा, टायमर एकदा चालवा आणि पडलेला मका वजनकाट्यावर ठेवा. प्रत्येक फीडर वेगळा ओततो. तासाभरात जमीन साफ झाली पाहिजे, एवढंच माप.

लाइव्ह ओकची फळं गळायला लागली की हरणं फीडर सोडून झाडांखाली जातात. हे दर शरदात होतं. अधीर माणूस काय करतो, तर फीडरचा वेळ वाढवतो. हरणं तरीही येत नाहीत, कारण त्यांना ओकची फळं जास्त आवडतात, आणि वाढीव मक्यावर डुकरं पोसली जातात. त्या दिवसांत हात बांधून बसा. शहरातून आलेल्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

आणखी एक खास गंमत. सीझन उघडतो त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, घड्याळं एक तास मागे जातात. लगेच काही उत्साही लोक फीडरचा टायमरही "बरोबर" करायला धावतात. अहो, हरणाच्या हातात घड्याळ आहे का? ते सूर्यावर चालतं. टायमर आहे तसा राहू द्या, तुम्ही तासभर लवकर उठा.

दिसलं की झाडलं

खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला २०१९ च्या सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये शिकारीचं लायसन्सही लागत नाही. रात्रीही मारता येतं. भारतात वन्यजीव कायद्याच्या धाकात वाढलेल्या माणसाला हे ऐकून एकदम चेव येतो. थर्मल स्कोप (अंधारात शरीराची उष्णता दाखवणारी बंदुकीची दुर्बीण) आणतो, फीडरवर बसतो, कळपातलं एक पाडतो, फोटो टाकतो. बाकीची सगळी पळतात आणि शिकतात. पुढच्या वेळी मध्यरात्रीनंतर येतात, नाहीतर फीडरच्या कडेला थांबून वारा घेतात. त्या गोंगाटाने हरणंही दूर. एका डुकराच्या बदल्यात तुम्ही फीडर नासवलात.

लहान पेटीवजा पिंजऱ्याचंही तेच. तीन पिल्लं अडकतात, म्हातारी डुकरीण बाहेर उभी राहून बघते, आणि त्यानंतर ती पिंजऱ्याच्या जवळपास फिरकत नाही. आमच्या शेजारच्या रँचवर अशीच एक होती, कान फाटलेली. मका पिंजऱ्याच्या दारापर्यंतचा खायची आणि तिथे थांबायची. तिला पकडायला अख्खा हिवाळा गेला.

कळप घ्यायचा तर पूर्ण घ्या. पॅनलचा मोठा गोल कॉरल, म्हणजे कोंडवाडा, करा, फीडरपासून लांब, ओढ्याकाठी त्यांच्या वाटेवर. दार उघडं बांधून ठेवा आणि आत मका टाकत राहा. कॅमेऱ्यात कळप मोजा. सोळा दिसतात आणि आत बारा आहेत, तर दार पाडू नका. सोळाही निवांत आत खाताना दिसली की मगच. दोन आठवडे लागतील, कधी जास्त. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. बारा आत दिसल्यावर फोनवरचं ते बटन दाबायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने मोबाइलवर चालणारं दार घेऊच नये.

आमिष म्हणून आंबवलेला मका वापरा. बादलीत मका, वर चार बोटं पाणी, मूठभर साखर, झाकण सैल, उन्हात काही दिवस. वास असा की घरातलं माणूस नाक धरेल, पण डुकरं लांबून येतात आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे कॉरलमध्ये हरीण अडकायची भीती कमी. झाकण घट्ट लावून बादली एसयूव्हीच्या आत ठेवू नका. पुढचं सांगत नाही. आणि कॉरल चालू असेपर्यंत जवळचा फीडर बंद ठेवा. दोन ठिकाणी पंगत मांडली तर पाहुणे सोयीच्या ठिकाणी बसणारच.

पकडलेली डुकरं मित्राच्या जमिनीवर नेऊन सोडणं बेकायदा आहे. "त्याला शिकारीला हवी होती" वगैरे चालत नाही.

बाकी भराभर

हावेलिना म्हणजे डुक्कर नव्हे. दक्षिण आणि पश्चिम टेक्ससात फीडरवर ही करडी, गळ्याला फिकट पट्टा असलेली मंडळी येतात. तो संरक्षित शिकारीचा प्राणी आहे, लायसन्स आणि मर्यादा दोन्ही लागू. रात्री थर्मलमध्ये सगळी सारखीच दिसतात, म्हणून खात्री नसेल तर बोट ट्रिगरवर नको.

फीडरखाली मका पडलेला असताना सप्टेंबरात तिथेच कबुतरांवर बंदूक धरू नका. हरणासाठी खाजगी जमिनीवर आमिष चालतं; स्थलांतरी पक्ष्यांसाठी केंद्राचा कायदा वेगळा आहे, आणि मका पूर्ण काढल्यावरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच धरतात.

स्वस्त, धुळकट, कुबट वासाचा मका घेऊ नका. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, टर्की आणि क्वेल या पक्ष्यांना ते आधी मारतं. पिशवीवर अफ्लाटॉक्सिन २० पीपीबीच्या (अब्जात वीस भागांच्या) आत असं लिहिलेलं बघा. ड्रम काठोकाठ भरून महिनोन्‌महिने जाऊही नका. खालचा मका ओला होऊन गठ्ठा होतो आणि फिरकी नुसतीच गुरगुरते.

फिरकीला जाळीचा पिंजरा लावा, नाहीतर रॅकून हाताने फिरवून ड्रम रिकामा करतात. टायमरच्या डबीत फायर अँट, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, शिरतात, प्रत्येक भेटीत उघडून बघा. कॅमेरा पूर्वेकडे तोंड करून लावू नका, सकाळचे सगळे फोटो पांढरे येतात.

डुक्कर सोलताना रबरी हातमोजे घाला. त्यांच्यात ब्रुसेलोसिस असतो आणि तो माणसाला होतो. मांस १६० अंश फॅरनहाइटपर्यंत शिजवा. आणि सोबत कुत्रं असेल तर त्याला कच्चा तुकडा टाकू नका. डुकरांमधला स्यूडोरेबीज कुत्र्याला झाला तर त्यावर उपचार नाही.