आयुष्मान कार्ड हातात आहे, आता घरचा डॉक्टर शोधताना

इंदूरला सुदामानगरात राहायला आलो आणि सामान लागायच्या आतच आई म्हणाली, "आपलं आयुष्मान चालेल असा जवळचा डॉक्टर बघून ठेव गं." आठवडाभर मी दवाखाने पालथे घातले. सगळीकडे नकार. मला वाटलं, डॉक्टर मुद्दाम टाळताहेत. पण त्यांचं बरोबर होतं. 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झालेली आयुष्मान भारत योजना दाखल झालेल्या पेशंटसाठी आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, डायलिसिस आणि केमोसारखे दिवसाभराचे उपचारही त्यात बसतात. पण दवाखान्यातली तपासणी, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. तेव्हा डॉक्टर घराजवळचा बघायचा, त्याची फी आपण द्यायची, कार्ड चालणारं हॉस्पिटल वेगळं हेरायचं, आणि ह्या दोघांची गाठ आधीच घालून ठेवायची.

सुरुवात घरातल्या कार्डांपासून करा. सगळी कार्डं एका जागी काढा आणि कुणाला काय लागू आहे ते बघा. पीथमपूरला किंवा सांवेर रोडच्या कारखान्यात कोणी नोकरीला असेल आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, असणार. तिथे मात्र साध्या तापालाही उपयोग होतो, कारण डिस्पेन्सरीतली तपासणी आणि औषधं त्यातच येतात. तुमच्या नावावर कुठली डिस्पेन्सरी लागली आहे ते कार्डावर बघा, आणि आश्रित आईवडिलांची नावं चढवली आहेत की नाहीत हेही. मोठ्या उपचारांसाठी नंदानगरचं ईएसआयचं हॉस्पिटल आहे. घरात केंद्र सरकारचे पेन्शनर असतील आणि त्यांच्याकडे सीजीएचएस, म्हणजे केंद्राची कर्मचाऱ्यांसाठी आणि पेन्शनरांसाठी असलेली आरोग्य योजना, असेल, तर वयाची सत्तरी झाली म्हणून घाईघाईनं ते सोडून आयुष्मान घेऊ नका. सीजीएचएसमध्ये रोजची औषधं मिळतात, आणि म्हातारपणी खर्च त्यांचाच जास्त होतो.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचंच वय वंदना कार्ड आहे. उत्पन्न कितीही असो, ते मिळतं. वय आधारवरूनच धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आज बघा. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर 5 लाख दोघांत मिळून. आमच्याकडे आईचं काम अडलं ते नावापायी. समग्र आयडीवर, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या ओळख नंबरावर, 'मालतीबाई काले', आधारवर 'मालती काळे'. इथल्या हिंदी कागदांत आपला 'ळ' हमखास 'ल' होतो, आणि मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे असतं, कुठे गायब. आधार, समग्र आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक अक्षर ताडून बघा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हेही. ओटीपी त्यावरच येतो. ही दुरुस्ती घरात सगळे धडधाकट असताना करायची, पेशंट स्ट्रेचरवर असताना नाही.

आता डॉक्टर. बोर्डावरची डिग्री आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर वाचून घ्या. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारा, कुणाच्या पर्चीवर थोडक्यात औषधं असतात. त्याला हे बरोबर ठाऊक असतं. पहिल्यांदा जाताना आजार नसताना जा, फी द्या आणि तीन गोष्टी विचारा: रात्री फोन घेता का, अंथरुणावरच्या माणसाला बघायला घरी येता का, आणि दाखल करायची वेळ आली तर आयुष्मानवाल्या पेशंटला कुठे पाठवता. तिसऱ्या प्रश्नावर जो डॉक्टर जरा थांबून, "हाडाचं असेल तर इकडे, हृदयाचं असेल तर तिकडे" असं सांगतो, तो धरून ठेवा. फी जड वाटत असेल तर वस्तीतल्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये बीपी, शुगरची तपासणी आणि बरीच औषधं फुकट मिळतात. आई गोळ्यांसाठी तिथे जाते आणि घरचा डॉक्टर चार महिन्यांतून एकदा सगळं नजरेखालून घालतो.

हॉस्पिटल निवडताना आम्ही चुकलो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. योजनेच्या यादीत नाव बघून जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे कळलं की योजनेत ते आहे, पण हाडांच्या ऑपरेशनसाठी नाही. दुसरीकडे नेईपर्यंत रात्रीचे दोन वाजले, आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला बाबा दात-ओठ आवळत होते. म्हणून यादीत नुसतं नाव बघू नका, कुठल्या विभागासाठी मान्यता आहे ते बघा. योजनेच्या 14555 ह्या नंबरवर फोन करून विचारता येतं. त्याहून पक्कं म्हणजे एक दिवस स्वतः जाऊन आयुष्मान मित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, खिडकीवर विचारून या. आम्ही हाडांसाठी एक, हृदयासाठी एक आणि तिसरं एमवाय, म्हणजे इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल, अशी तीन नावं लिहून ठेवली आहेत.

दाखल होताना डिपॉझिट मागितलं तर तिथूनच 14555 लावा. योजनेत बसणाऱ्या उपचाराला पैसे घेता येत नाहीत. जुना आजार आहे म्हणूनही कार्ड नाकारता येत नाही. सुट्टी होताना 15 दिवसांची औषधं मागून घ्या, ती पॅकेजमध्येच असतात. आम्ही पहिल्या वेळी ती बाहेरून विकत आणली, कुणी सांगितलंच नाही.

शेवटचं काम पिशवीचं. आमच्या दाराच्या मागे खिळ्याला रेक्झिनची निळी पिशवी आहे. तीत दोघांच्या कार्डांच्या आणि आधारच्या झेरॉक्स, समग्र आयडी, शेवटचा ईसीजी, जुनी डिस्चार्जची कागदं. आतल्या झाकणावर चिकटवलेल्या कागदावर चालू गोळ्यांची नावं आणि वेळा, बाबांना कुठलं इंजेक्शन सोसत नाही ते लाल शाईनं, खाली डॉक्टरांचा नंबर. गोळी बदलली की आई तो कागद त्याच दिवशी माझ्याकडून नवा लिहून घेते.