साठी उलटल्यावर वॉल्ट्झ शिकताना घ्यावयाची काळजी

साठी उलटलेल्या माणसाने बॉलरूम नृत्य शिकावयास घेतले आणि काही गडबड झाली की दोष सहसा गुडघ्यांना दिला जातो. पुण्यातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही काही निवृत्त मंडळी गेली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांवरचे पाश्चात्त्य जोडीनृत्य, नाचत आहोत, आणि अधूनमधून आपटतही आहोत; त्यावरून माझे मत असे झाले आहे की, गुडघे बिचारे बहुतांशी निर्दोष असून खरी अडचण आयुष्यभर अंगवळणी पडलेल्या सवयींची असते. पुढील सूचना म्हणूनच पायांइतक्याच सवयींसाठी आहेत.

प्रथम पादत्राणांविषयी. सकाळी फिरावयास जाताना वापरावयाचे रबरी तळाचे बूट फरशी घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे वळताना अंग वळते, पाऊल मात्र जागेवरच राहते आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. यावर उपाय म्हणून आमच्यातील एका कॅरमपटूने, जे पटावर चालते ते फरशीवरही चालेल या विश्वासाने, सभागृहभर टाल्कम पावडर शिंपडली होती. त्या संध्याकाळी तीन प्रतिष्ठित गृहस्थ एकापाठोपाठ एक जमिनीवर बसले. सोंगटीप्रमाणे भोकात कोणी गेले नाही, एवढेच. पावडर कदापि वापरू नये. साध्या चामडी तळाचे किंवा नृत्यासाठी मिळणारे मऊ, लवदार चामड्याच्या तळाचे बूट घ्यावेत. हे लवदार तळ घासून गुळगुळीत झाले की तारेच्या ब्रशाने पुन्हा खरखरीत करता येतात. ते घालून रस्त्यावर मात्र चालू नये. सभागृहात पोहोचल्यावरच बदलावेत.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि आमच्याकडील बहुतेक अपघातांचे मूळ येथेच आहे. बॉलरूममध्ये सर्व जोड्या सभागृहाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पुढे सरकतात. आपला जन्म मात्र देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालण्यात गेलेला असतो. डोके कितीही समजावून सांगो, गर्दी झाली की पाय देवळातली दिशा धरतात. आमच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी अशीच भाविक दिशा धरली, समोरून येणाऱ्या जोडीवर ते आदळले, आणि त्यानंतर दोन्ही पक्षांनी ‘आधी आपण, आधी आपण’ असा आग्रह चालविल्यामुळे मागे आणखी तीन जोड्या खोळंबल्या. खूण सोपी आहे: ज्या दिशेने जावयाचे तिकडे तोंड करून उभे राहिल्यास भिंत उजव्या हाताला आणि सभागृहाचा मध्य डाव्या हाताला यावयास हवा. आम्ही शेवटी चारही भिंतींवर कागदी बाण चिकटविले.

आता पावले. पुढाकार घेणाऱ्याने डावा पाय पुढे टाकावा, उजवा बाजूला न्यावा आणि डावा त्याला जोडावा; मग उजवा मागे, डावा बाजूला, आणि उजवा डाव्याला जोडावा. साथ देणाऱ्याने त्याच वेळी उजव्या पायाने मागे जाऊन हेच प्रतिबिंबाप्रमाणे करावयाचे असते. हा चौकोन सहा ठोक्यांत पूर्ण होतो, म्हणजे तबल्यावरील दादरा तालाचे एक आवर्तन बरोबर भरते, आणि हे लक्षात आल्यावर आमच्यापैकी ज्यांना ‘एक-दोन-तीन’ मोजणे जमत नव्हते त्यांना ‘धा धी ना, धा ती ना’ चटकन जमले. यातही धोका आहे. तबल्याचा कान असलेला माणूस समेवर पाय आपटल्याशिवाय राहत नाही आणि समेच्या जागी बहुधा जोडीदाराचा अंगठा असतो. वॉल्ट्झमध्ये पाऊल आपटावयाचे नसून जमिनीलगत सरकवावयाचे असते.

अंगठा चिरडण्याचे दुसरे, आणि अधिक चोरटे, कारण तिसऱ्या ठोक्यावर असते. पाय जोडताना त्यावर पूर्ण भार घेतला नाही, तर पुढच्या वेळी तोच पाय पुन्हा निघतो आणि दोघांचे पाय एकाच जागेवर हक्क सांगू लागतात. म्हणून ‘तीन’ म्हणताच दुसऱ्या पायाची टाच किंचित उचलून पाहावी; ती सहज उचलली गेली तर भार योग्य पायावर आला आहे. हा सराव आठवडाभर एकट्याने, स्वयंपाकघरातील ओट्याला हात टेकून करावा. पायांकडे मात्र पाहू नये. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून फरशी अंधुक दिसते आणि दोघेही एकदम वाकले की कपाळावर कपाळ आपटते.

जोडीदाराला धरताना पुरुषाचा उजवा हात स्त्रीच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, बोटे जुळवून ठेवलेला असावा. त्या हातात खड्याची अंगठी नसावी. पुष्कराजाने गुरूचे बळ मिळते की नाही हे मला ठाऊक नाही, परंतु जरीचा धागा हमखास मिळतो. पदर पिन लावून कमरेला खोचावा आणि साडी नेहमीपेक्षा चार बोटे वर नेसावी, कारण मागे जाणारी टाच प्रथम निऱ्यांवरच पडते. दोघांनीही आपले डोके किंचित डावीकडे ठेवावे. श्रवणयंत्र जोडीदाराच्या डोक्याजवळ आले की शिट्टी वाजवते, आणि आमच्याकडे एकदा त्या शिट्टीला थांबण्याची सूचना समजून सगळे सभागृह थांबले होते.

पतिपत्नींनी पहिले काही महिने एकमेकांबरोबर नाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चाळीस वर्षांच्या संसारात कोणी कोणाला वळवावयाचे हे ठरलेले असते आणि ते नृत्याच्या नियमाशी क्वचितच जुळते.

संगीत लावण्यापूर्वी वेग तपासावा. संथ वॉल्ट्झ मिनिटाला सुमारे 84 ते 90 ठोक्यांचा, तर व्हिएनीज वॉल्ट्झ सुमारे 180 ठोक्यांचा असतो. फोनने आपल्या मनाने पुढचे गाणे निवडले की हा फरक कळावयास अर्धे मिनिटही लागत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खुर्चीतून उठल्याबरोबर गिरकी घेऊ नये, आणि चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गिरक्या शिकूच नयेत. कोणी पडल्यास हाताला धरून ओढू नये. दुखापत नाही याची खात्री करून शेजारी खुर्ची ठेवावी आणि तिच्या आधाराने त्यांना आपल्या गतीने उठू द्यावे.

एवढे जमल्यावर गोव्यातील एखाद्या ख्रिस्ती लग्नाच्या स्वागत समारंभाचे आमंत्रण आले, तर वॉल्ट्झ सुरू होताच मध्ये रिकामी जागा पाहून जोडीने उतरावे आणि मध्याकडील बाजूस राहावे, कारण बाहेरचा मार्ग वेगाने जाणाऱ्यांचा असतो. त्या मार्गाने लहानपणापासून नाचत आलेले ऐंशीचे एखादे आजोबा आजींना घेऊन, गप्पा मारीत, आपल्याला वळसा घालून निघून जातील. त्यांना वाट द्यावी आणि मोजणे थांबवू नये.