रेझिस्टरवर सगळं बरोबरच दिसतं

नर्व्ह स्टिम्युलेटरच्या, म्हणजे विजेच्या छोट्या पल्सनी मज्जातंतू चेतवणाऱ्या उपकरणाच्या, सर्किटवर काम सुरू करताना करंटच्या आधी चार्जचा हिशोब शिका. मी आधी करंटच्याच मागे लागले होते.

एमईच्या प्रोजेक्टसाठी लॅमिंग्टन रोडवरून सुटे ट्रान्झिस्टर आणून मी दोन करंट सोर्स बांधले. एक उणे पल्स देणारा, दुसरा तेवढाच चार्ज परत काढून घेणारा. १ किलोओहमच्या रेझिस्टरवर स्कोपमध्ये (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) दोन्ही पल्स सारखेच दिसले. सर म्हणाले, "आता सलाइनमध्ये टाक."

०.९ टक्के सलाइनमध्ये, म्हणजे शरीरातल्या द्रवाच्या जागी वापरायच्या मिठाच्या पाण्यात, प्लॅटिनमच्या दोन बारीक तारा सोडल्या. आधी काहीच वावगं दिसेना, कारण स्कोपचा चॅनेल एसी कपलिंगवर होता, म्हणजे स्थिर व्होल्टेज गाळूनच दाखवत होता. डीसीवर आणला आणि दोन पल्समधली सपाट रेघ हळूहळू वर चढताना दिसली.

मग वहीत गणित मांडलं. १ मिलिअँपिअर, २०० मायक्रोसेकंद, म्हणजे २०० नॅनोकुलोंब. सोर्समध्ये १ टक्का फरक असेल तर दर पल्सला २ नॅनोकुलोंब शिल्लक. सेकंदाला ५० पल्स धरले तर सरासरी १०० नॅनोअँपिअर डीसी. सुरक्षिततेची मर्यादा म्हणून बरेचदा हाच आकडा धरतात! मेंदूतल्या स्टिम्युलेशनला १३० हर्ट्झ नेहमीचे, तिथे हीच चूक २६० नॅनोअँपिअरवर जाते. चार्ज साचत गेला की पाण्याचं विघटन होतं, पीएच बिघडतो, इलेक्ट्रोड झिजतो आणि शेजारच्या पेशींना इजा होते. रेझिस्टरमध्ये चार्ज साचतच नाही, म्हणून तिथे हे कळत नाही. सलाइन नसेल तर निदान रेझिस्टरला सिरीजमध्ये कपॅसिटर लावून बघा.

सुटे ट्रान्झिस्टर जुळवत बसण्यात माझे दोन आठवडे गेले. बोट टेकवलं तरी तापमानाने करंट हलायचा. शेवटी एच-ब्रिज केला: सोर्स एकच, फक्त दिशा उलटायची. मग राहतो तो मुख्यतः वेळेतला फरक. त्यावर प्रत्येक पल्सनंतर दोन्ही इलेक्ट्रोड शॉर्ट करायचे, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो. सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा ब्लॉकिंग कपॅसिटर ठेवाच. या पल्सला त्यावर जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात, आणि एखादा स्विच अडकला तरी डीसी शरीरापर्यंत पोचत नाही. बऱ्याच चॅनेलच्या इम्प्लांटमध्ये त्याला जागा मिळत नाही, हे मात्र खरं.

अजून एक, मुंबईकरांसाठी. पावसाळ्यात बोर्डावर सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल धरतो आणि नॅनोअँपिअरचं लीकेज सुरू होतं. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बोर्ड घासून, वाळवून मगच मोजा. सर्किट बॅटरीवर चालवा, नाहीतर स्कोपच्या ग्राउंड क्लिपमधून करंटला दुसरी वाट मिळते. दहा मिनिटं ती रेघ जागची हलली नाही की मगच मी करंट वाढवते.