स्कायरिममध्ये पहिला मॉड टाकायच्या आधी एवढं तयार ठेवा

मॉड म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या, गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स. त्या बसवणारा प्रोग्राम, म्हणजे मॉड मॅनेजर, नंतर, आधी गेम कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते बघून घ्या. मी इथे स्कायरिम या फँटसी गेमच्या स्पेशल एडिशनबद्दल बोलतोय, २०१६ मध्ये आलेली, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच्यातच गेलाय आणि मॉडिंग शिकायला त्याच्याइतका चांगला गेम मला तरी दुसरा सापडला नाही. स्टीम, म्हणजे गेम विकत घेऊन चालवायचं अ‍ॅप, आपोआप सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये बसतं, गेमही तिथंच जातो, आणि त्या फोल्डरवर विंडोजचा पहारा असतो, म्हणजे एखाद्या टूलला तिथं फाइल लिहायची असली की ते अडतं आणि कधी कधी काही न सांगताच अडतं. म्हणून डी ड्राइव्हवर गेम्स नावाचं साधं फोल्डर करा, स्टीमच्या सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन तिथली लायब्ररी जोडा आणि गेम तिकडे हलवा. एकच ड्राइव्ह असेल तर सीवरच, पण प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर.

मग गेम एकदा त्याच्या स्वतःच्या लाँचरने उघडा, ग्राफिक्स सेट होऊ द्या, मेन मेनूपर्यंत जा आणि बंद करा. हे लोक हमखास विसरतात. याच वेळी डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये आयएनआय, म्हणजे गेमच्या सेटिंगच्या, फाइल्स तयार होतात आणि पुढे मॅनेजर त्याच फाइल्स शोधतो. तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर तेही आत्ताच सोडवा, कारण सेव्ह फाइल्स मधेच सिंक होत राहिल्या की पुढे कुठली फाइल खरी हेच कळेनासं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वर्जन. गेमच्या फोल्डरमध्ये स्कायरिमएसई डॉट ईएक्सई आहे, त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथला आकडा वहीत लिहून ठेवा, खरंच वहीत लिहा. १.५.९७ असेल तर जुनी लाइन, १.६ ने सुरू होत असेल तर नोव्हेंबर २०२१ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटनंतरची, आणि या दोन्हींसाठीचे डीएलएलवाले मॉड, म्हणजे थेट गेमच्या कोडला जोडले जाणारे, बऱ्याचदा वेगवेगळे असतात. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अपडेट फक्त लाँच केल्यावरच होईल असं करून ठेवा. नाहीतर आज सगळं छान चाललंय, रात्री अपडेट आला, सकाळी गेम मेनूपर्यंतसुद्धा पोचत नाही.

मॅनेजर कुठला? दोनच नावं लक्षात ठेवली तरी पुरे, व्हॉर्टेक्स आणि मॉड ऑर्गनायझर २. व्हॉर्टेक्स सुरुवातीला सोपा वाटतो, पण तो हार्डलिंकने, म्हणजे फाइलची प्रत न करता तिचं दुसरं नाव तयार करून, फाइल्स गेमच्या फोल्डरमध्ये बसवतो, त्यामुळे त्याचं स्टेजिंग फोल्डर, जिथं तो मॉडच्या फाइल्स साठवतो, गेमच्याच ड्राइव्हवर हवं. मी मॉड ऑर्गनायझरच सुचवीन आणि मनापासून सुचवीन. तो गेमच्या डेटा फोल्डरला हातच लावत नाही, प्रत्येक मॉड आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो आणि गेम चालू असताना त्याला असं भासवलं जातं की सगळ्या फाइल्स डेटामध्येच आहेत. म्हणजे एखादा मॉड बिघडला तर टिक काढली की झालं, मूळ गेम जसाच्या तसा. पण याचाच अर्थ असा की गेम असो, प्लगिन्सचा क्रम लावून देणारं लूट असो की मॉडच्या फाइल्स तपासायचं एसएसईएडिट, सगळं मॅनेजरच्या आतूनच चालवायचं, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडलं तर एकही मॉड दिसणार नाही. मॅनेजरसुद्धा गेमच्या फोल्डरमध्ये टाकू नका, त्याला स्वतंत्र फोल्डर द्या, आणि अँटीव्हायरसमध्ये ते फोल्डर वगळून ठेवा.

मॉड ऑर्गनायझरच्या विंडोमधली डावीकडची यादी आणि उजवीकडची यादी यात गोंधळ करू नका. डावीकडे मॉड असतात, तिथं खाली असलेला मॉड वरच्याच्या फाइल्सवर चढतो, म्हणजे दोन मॉडमध्ये एकाच भिंतीचं टेक्स्चर, म्हणजे तिच्यावरचं चित्र, असेल तर खालच्याचं दिसणार. उजवीकडे प्लगिन्स, म्हणजे मॉडमधल्या ज्या फाइल्स गेमची माहिती बदलतात त्या, त्यांचा क्रम वेगळा आणि त्यांना मर्यादाही आहे, साधे, म्हणजे ईएसपी आणि ईएसएम प्रकारचे प्लगिन्स, मिळून अडीचशेच्या थोडं वर गेलात की संपलं. लाइट अशी खूण केलेले छोटे प्लगिन्स मात्र वेगळे मोजले जातात, ते ४०९६ पर्यंत चालतात.

एसकेएसई, म्हणजे गेमला जास्तीच्या स्क्रिप्टिंग सोयी देणारं आणि बऱ्याच मॉडना लागणारं टूल, मात्र हाताने टाकायचं. तुमच्या वहीतल्या वर्जनचंच घ्या, डीएलएलच्या नावातच आकडा असतो, म्हणजे गेम १.६.११७० असेल तर फाइलच्या नावात १_६_११७० दिसायला हवं. लोडर आणि डीएलएल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये, ईएक्सईच्या शेजारी, आणि स्क्रिप्ट्स वेगळा मॉड म्हणून मॅनेजरमध्ये. मग मॅनेजरमधून एसकेएसईने गेम सुरू करा, मेन मेनूवर टिल्डाची की दाबून कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि गेटएसकेएसईवर्जन टाइप करा. आकडा आला की पुढे जा, नाही आला तर इथंच थांबा, याच्यावर एकही मॉड चढवू नका.

डाउनलोडसाठी नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटवर अकाउंट लागतं, फुकटवाल्याला स्पीड कमी मिळतो, तेव्हा मोठे टेक्स्चर पॅक रात्री लावून ठेवा. आणि डाउनलोडच्या बटणाआधी रिक्वायरमेंट्स, म्हणजे त्या मॉडला आधी काय काय लागतं ते, उघडून वाचा, प्लीज वाचा, एकेक ओळ. सुरुवातीला अ‍ॅड्रेस लायब्ररी (डीएलएलवाल्या मॉडना लागते), स्काययूआय (मेनू सुधारतो) आणि अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करतो) एवढेच घ्या, तिन्हींचं वर्जन वहीशी ताडून, आणि एक टाकला की गेम उघडून बघा, मगच दुसरा.

सेव्हबद्दल मी स्वतः पोळलोय म्हणून सांगतो. साठेक तास खेळलेल्या कॅरेक्टरमधून मी एक स्क्रिप्टवाला, म्हणजे खेळताना स्वतःचा कोड चालवणारा, मॉड मधेच काढला, दोन दिवस काहीच झालं नाही, मग एका गावात शिरलं की गेम बंद, आणि मागचे सेव्ह उघडले तर तेही तसेच, कारण तोपर्यंत जुने सगळे मीच पुसून टाकले होते. फार वाईट वाटलं. म्हणून मॅनेजरमध्ये वेगळं प्रोफाइल, म्हणजे मॉड आणि सेटिंगचा स्वतंत्र संच, करा, त्यात प्रोफाइलचे स्वतःचे सेव्ह हा पर्याय चालू ठेवा, आणि स्क्रिप्टचे मॉड ठरवायचे ते नवा गेम सुरू करायच्या आधीच. टेक्स्चर वगैरे नंतर बदलले तरी चालतात.

आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, ६० वर बांधून घ्या, या गेमचं फिजिक्स फ्रेमरेटला बांधलेलं आहे. पहिल्याच सीनमध्ये बैलगाडीसारख्या त्या घोडागाडीत तुम्ही हात बांधून बसलेले असता, ६० च्या वर गेलं की गाडी रस्ता सोडून उड्या मारायला लागते. गाडी सरळ हेल्गन या गावापर्यंत गेली, हात मोकळे झाले, की पहिला सेव्ह करा आणि त्याला कधीच हात लावू नका.