पावसाळ्यात सिलिका जेल का फसतं? कोकणातल्या घरांसाठी या चुका टाळा

मिरग लागला की रत्नागिरीपासून मालवणपर्यंत घरोघरी एकच धावपळ असते. कॅमेरा, जमिनीचे जुने कागद, लग्नाचे अल्बम, सगळं डब्यात भरायचं आणि वर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांच्या दोन पुड्या टाकायच्या. गणपतीत डबा उघडावा तर लेन्सच्या आत बुरशीचे पांढरे धागे पसरलेले आणि कागदांना कुबट वास. जेल खोटं निघालं असं म्हणून लोक मोकळे होतात. जेल क्वचितच खोटं असतं. माप, जेलचा प्रकार आणि ओलं झालेलं जेल पुन्हा कोरडं करायला भाजण्याची पद्धत, या तिन्हींपैकी काहीतरी चुकलेलं असतं.

आधी आत काय घडतं ते पाहू. बारीक छिद्रांच्या एक ग्रॅम जेलमध्ये छिद्रांच्या भिंतींचं मिळून सुमारे 600 ते 700 चौरस मीटर क्षेत्रफळ असतं, म्हणजे सहा गुंठे जमीन चिमूटभर दाण्यांत. बाष्पाचे रेणू आधी या भिंतींना चिकटतात, याला अधिशोषण म्हणतात. हवा जास्त दमट झाली की छिद्र अरुंद असल्यामुळे हवेची आर्द्रता 100 टक्क्यांना पोचायच्या आधीच आत वाफेचं पाणी होतं आणि छिद्र भरून जातं. हे केशिकीय संघनन. छिद्र जितकं अरुंद तितक्या कमी आर्द्रतेला ते भरतं. छिद्राचा आकार आणि आर्द्रता यांचा संबंध सांगणाऱ्या केल्विनच्या समीकरणाने साध्या तापमानाला हिशोब केला तर 2 नॅनोमीटर त्रिज्येचं छिद्र सुमारे 59 टक्के आर्द्रतेला भरतं, 5 नॅनोमीटरचं 81 टक्क्यांना आणि 10 नॅनोमीटरचं 90 टक्क्यांना.

या तीन आकड्यांतच पहिली आणि सर्वांत महाग चूक दडलेली आहे.

‘जास्त पाणी धरणारं’ जेल विकत घेणं. मोठ्या छिद्रांच्या जेलच्या पाकिटावर वजनाच्या 60-70 टक्के पाणी शोषण्याचा दावा असतो, बारीक छिद्रांच्या जेलवर जेमतेम 30-35 टक्क्यांचा. ग्राहक साहजिकच पहिलं उचलतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते 90 टक्के आर्द्रतेचे आहेत. आपल्याला डब्यात हवी 40 ते 50 टक्के, कारण साधारण 60-65 टक्क्यांच्या वर हवा राहिली की बुरशीला बळ येतं. 45 टक्क्यांना बारीक छिद्रांचं जेल 100 ग्रॅममागे सुमारे 20 ग्रॅम पाणी धरतं. मोठ्या छिद्रांचं जेल तिथे जवळजवळ निम्म्यावर असतं, कारण त्याची छिद्रं भरायलाच 80 टक्क्यांच्या पुढची हवा लागते. तोवर लेन्स गेलेली असते. दुकानात ‘बारीक छिद्रांचं’ किंवा ‘ए टाइप’ असं स्पष्ट विचारून घ्या.

डब्याच्या आकारावरून जेल मोजणं. 20 लिटरच्या डब्यातली हवा 27 अंश तापमानाला आणि 90 टक्के आर्द्रतेला किती पाणी बाळगते? अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्या हिशोबाने 5 ग्रॅमची पुडी पुरेशी वाटते. पण पाणी हवेत नसतं, ते सामानात असतं. कागद, कापड, लाकूड, चामडं हे सगळे सच्छिद्र पदार्थ आहेत आणि त्यांनी आधीच ओल धरलेली असते. जूनच्या हवेतला एक किलो कागद 45 टक्क्यांवर यायला ढोबळमानाने 50 ते 60 ग्रॅम पाणी सोडतो. म्हणजे किलोभर फायलींना 250 ते 300 ग्रॅम कोरडं जेल लागतं. बुटांच्या खोक्यातल्या पुड्यांचं हे काम नव्हे. शक्य असेल तर डबा जूनमध्ये भरूच नका. आगोटीची बेगमी करताना आमसुलं आणि पापड जसे उन्हाळ्यातच डब्यात जातात, तसेच कागदही जानेवारी-फेब्रुवारीत, हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) 50 च्या आसपास किंवा खाली दाखवत असेल त्या दिवशी भरून टाका. मग निम्म्याहून कमी जेलमध्ये भागतं.

ओल धरलेलं जेल उन्हात वाळवणं. ही चूक सर्वत्र दिसते आणि दाणे कडकडीत तापल्यामुळे ती चूक वाटतही नाही. मे महिन्यातली 33 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा पत्र्यावर 60 अंशांपर्यंत तापली तरी दाण्यांभोवतीची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते, तिच्या तुलनेत आहे ती) साधारण 15 टक्के उरते. बारीक छिद्रांचं जेल तेवढ्यावरही वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतं. पावसाळी हवाच ओव्हनमध्ये 130 अंशांना नेली की हीच आर्द्रता दीड टक्क्याच्याही खाली येते, आणि तेव्हा कुठे छिद्रं खरोखर रिकामी होतात.

पांढरं जेल 120 ते 150 अंशांना, दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जाड थर न करता, दोन ते तीन तास ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत उलथनं. कढई स्वच्छ हवी. फोडणीच्या तेलाचा अंश राहिला तर तो छिद्रांच्या तोंडाशी बसतो, दाणे पिवळट-तपकिरी होतात आणि ते जेल पुन्हा पूर्वीसारखं चालत नाही. आच एकदम मोठी केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन दाणे तडतडून फुटतात. ओल्या हाताने किंवा थेंब पडूनही बारीक छिद्रांचे दाणे तडकतात, कारण पाणी चिकटताना उष्णता बाहेर पडते आणि दाण्याला ती सोसत नाही.

झालं की नाही हे रंगावरून नव्हे, वजनावरून ठरवा. अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आकडा हलला नाही म्हणजे जेल कोरडं. तो आकडा मलमलीच्या पिशवीवर मार्करने लिहा, उदाहरणार्थ ‘कोरडं 500’ ग्रॅम. पुढे दर पंधरा दिवसांनी पिशवी काट्यावर ठेवायची. 590-600 दिसलं की पुन्हा भाजायची वेळ आली. 540 असेल तर निर्धास्त राहा.

भाजलेलं जेल परातीत थंड करणं. एवढी मेहनत इथे वाया जाते. जुलैच्या हवेत परातीत पसरलेलं जेल थंड होता होता पुन्हा पाणी पिऊ लागतं. बरं, गरम असतानाच सामानाच्या डब्यात टाकावं तर तेही चूक, कारण गरम जेल ओल धरत नाही, उलट सामान तापवतं. भाजलेलं जेल लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओता, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, मग पिशवीत भरा. पिशवी मलमलीचीच हवी. प्लॅस्टिकची पिशवी बाष्प अडवते, आणि सुटे दाणे टाकले तर त्यांची पूड लेन्सवर बसते.

ओल धरली की रंग बदलणाऱ्या निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं. ते विषारी आहे, म्हणून काजू, मसाले, सुकी मासळी यांच्या डब्यात नको. खुणेपुरते चार दाणे पारदर्शक पुडीत वेगळे ठेवले तर अंदाजाला बरे. जास्त तापवल्याने रंग कायमचा बिघडू शकतो.

हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास. स्वस्त यंत्रं सहज पाच-दहा टक्के चुकतात. वाटीत मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, पण मीठ पूर्ण विरघळता कामा नये. वाटी आणि यंत्र लहान घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. 81 दिसले तर तुमचं यंत्र 6 ने जास्त दाखवतं, तेवढे वजा करत जा. मिठाचा हा 75 चा उंबरठाच पावसाळ्यात मिठाला पाणी सुटण्याचं कारण आहे. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर ते त्याच्याही बरंच आधी पाझरतं.

जेलऐवजी वापरल्या जाणाऱ्या तांदूळ आणि कोळशाबद्दल थोडक्यात. कोठीतल्या तांदळात आधीच 12-13 टक्के पाणी असतं, म्हणून न भाजता तो डब्यात टाकून काही साधत नाही. सक्रिय कोळसा वासासाठी उत्तम, पण त्याच्या छिद्रांचं पाण्याशी फारसं जमत नाही. 45 टक्क्यांना तो बाष्प नाममात्र धरतो.

डबा भिंतीला टेकवून ठेवणं. जांभ्याची चिऱ्याची भिंत आणि तिच्यावरचा गिलावा हेही सच्छिद्रच. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने त्यात खार साठलेला असला तर भिंत आणखी लवकर ओल धरते. शिवाय भरलेलं छिद्र ज्या आर्द्रतेला भरलं त्याच आर्द्रतेला रिकामं होत नाही, त्यासाठी हवा आणखी कोरडी व्हावी लागते. म्हणून सप्टेंबरात चार दिवस ऊन पडलं तरी भिंत हाताला गारच लागते, आणि त्या उन्हाच्या भरवशावर डबा ‘हवा लागू दे’ म्हणून उघडून ठेवला तर कोरडं केलेलं सामान पुन्हा ओल धरतं. डबा भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवा. झाकणाचं रबर वर्षाआड बदला. रबर शाबूत आहे का हे तपासायला झाकणात नोटेएवढा कागद अडकवून ओढा. जिथे तो सहज सरकतो, तिथूनच हवा आत येते.