अन्नाची ॲलर्जी घेऊन परदेशी राहायला जाताना: कोकणातल्या मंडळींनी या चुका टाळा

रत्नागिरीच्या घरात वाढलेल्या आणि कोलंबी न चालणाऱ्या माणसावर आपली ॲलर्जी शब्दांत सांगण्याची वेळ क्वचितच येते. वांग्याच्या भाजीत सोडे घालण्यापूर्वी आई त्याच्या वाटणीची भाजी बाजूला काढते, काकूने त्याच्यासाठी कालथा वेगळा ठेवलेला असतो आणि वाडीतल्या जेवणावळीत वाढप्यालाही त्याच्या पानाकडे काय न्यायचे नाही हे ठाऊक असते. मी नोकरीसाठी कुवेतला गेलो तेव्हा हे सगळे संरक्षण मागे राहिले. पुढे मी स्वतः केलेल्या आणि गावच्या मुलांना करताना पाहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

निदान न करता निघणे

‘मला मासे चालत नाहीत’ हे वाक्य घरी पुरते, पण डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही. कोलंबी, खेकडे आणि शेवंड यांच्या ॲलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कारणीभूत असते, तर माशांच्या ॲलर्जीला पार्व्हाल्ब्युमिन; त्यामुळे कोलंबीचा त्रास असलेल्या अनेकांना पापलेट किंवा सुरमई बिनधोक चालते. ट्रोपोमायोसिन शिजवून किंवा वाळवून नाहीसे होत नाही, म्हणून सोडे आणि जवळा हे ताज्या कोलंबीइतकेच वर्ज्य समजावेत.

तिसरा प्रकार ॲलर्जीचा नसतोच. बांगडा किंवा गेदर पकडल्यानंतर नीट बर्फात राहिला नाही, तर जंतूंमुळे त्यात हिस्टामिन तयार होते, शिजवल्यावरही ते टिकते आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते. ही विषबाधा आहे. तोच मासा खाल्लेल्या घरातल्या इतरांनाही त्या दिवशी त्रास झाला होता का, एवढे आठवून पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. एका बांगड्यामुळे जन्मभर मासे सोडणारे जसे भेटतात, तसे खऱ्या ॲलर्जीला ‘बाधले असेल’ म्हणून टाळणारेही भेटतात, आणि मला धास्ती दुसऱ्यांचीच अधिक वाटते.

काजूच्या बाबतीतही असाच घोळ होतो. बी फोडताना टरफलातले तेल लागून हात भाजणे हा कातडीचा त्रास आहे. गर खाल्ल्यावर ओठ सुजणे किंवा घसा आवळणे ही गोष्ट निराळी. हा दुसरा त्रास असणाऱ्याने, ॲलर्जीतज्ज्ञाने तपासून मोकळीक दिल्याशिवाय, पिस्त्यालाही हात लावू नये, कारण काजू आणि पिस्ता एकाच कुळातले असून त्यांची प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात. (आंबाही त्याच कुळातला आहे, पण तेवढ्यावरून हापूस सोडण्याची गरज नसते.) गावी पिस्ता फारसा पोटात जात नसल्याने ही जोडी लक्षातच येत नाही, आणि आखातात तर बकलाव्यापासून आइस्क्रीमपर्यंत तो सगळीकडे पेरलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञाकडून तपासणी करून नेमके पदार्थ लिहून घ्यावेत.

एका देशाचे लेबल दुसऱ्या देशात गृहीत धरणे

युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून लागू असलेल्या नियमांनुसार 14 ॲलर्जीकारक घटक ठळकपणे दाखवावे लागतात आणि त्यांत मोहरी, सेलरी तसेच तिसऱ्या, कालवे, माकुल यांचा गटही येतो. अमेरिकेच्या यादीत 9 घटक आहेत आणि त्यांतला तीळ 1 जानेवारी 2023 पासून आला. कोलंबी-खेकडे त्या यादीत आहेत, परंतु तिसऱ्या, कालवे आणि मोहरी नाहीत. ‘अंश असू शकतो’ ही सूचना दोन्हीकडे ऐच्छिक असल्यामुळे ती छापलेली नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

सॉसच्या बाटल्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ऑयस्टर सॉसमध्ये कालवे, वुस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासे, तर थाई आणि फिलिपिनो स्वयंपाकात वाटलेल्या कोलंबीची किंवा जवळ्याची आंबवलेली चटणी असते, जी शाकाहारी दिसणाऱ्या भाजीतही मिसळलेली असू शकते.

‘खात नाही’ असे सांगणे

आमच्या खोलीत चौघे होतो आणि मी पहिल्याच दिवशी ‘मी कोलंबी खात नाही’ असे सांगितले होते. एका शुक्रवारी सोबत्याने आदल्या रात्री कोलंबी तळलेल्या तेलातच माझ्यासाठी प्रेमाने बटाट्याची कापे तळली, आणि अर्ध्या तासात माझे ओठ सुजून अंगावर गांध्या उठल्या. दोष त्याचा नव्हता, कारण ‘खात नाही’ हे त्याने आवडनिवड म्हणून घेतले होते. त्यानंतर मी ‘कोलंबीचे तेल किंवा पळी लागली तरी माझा श्वास बंद होऊ शकतो’ असेच सांगतो. माझी कढई, कालथा आणि तेलाची बाटली वेगळी असून त्यांवर चिकटपट्टी लावलेली आहे. हॉटेलात वेटरऐवजी स्वयंपाक्यापर्यंत पोहोचेल अशी चिठ्ठी स्थानिक भाषेत लिहून द्यावी. आखाती अरबीत कोलंबीला रुबियान म्हणतात, इजिप्तच्या स्वयंपाक्याला मात्र गंबरी हा शब्द कळतो.

घरचा डबा निर्धोक मानणे

तिळाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर गावाहून येणारा मालवणी मसालाही तपासून घ्यावा. मिरची कांडपाच्या यंत्रात आपल्या आधी कोणाचा तीळ घातलेला मसाला कुटला गेला, हे आईलाही सांगता येत नाही. अशांसाठी मसाला घरच्या मिक्सरमध्ये वाटलेला बरा.

औषध बॅगेत, बॅग विमानाच्या पोटात

तीव्र झटक्यात पहिले औषध ॲड्रेनलिन हेच. खाजेची गोळी झटका थांबवत नाही. ॲड्रेनलिनचे तयार पेन, म्हणजे स्वतःच टोचून घेता येणारे औषध भरलेले इंजेक्शन, आपल्याकडच्या औषध दुकानांत सहसा मिळत नाही, म्हणून परदेशी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरांकडून दोन पेन लिहून घ्यावीत. प्रवासात औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह ठेवावीत. पेन फ्रिजमध्ये किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये आणि त्यावरची मुदत पाहत राहावी.

श्वास अडकणे, आवाज बसणे किंवा चक्कर येणे सुरू झाल्यास पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचून आडवे व्हावे. दम लागत असेल तर बसावे, पण उठून चालू नये. लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि पाच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरे पेन टोचावे. क्रमांक देशागणिक बदलतो: कुवेत आणि युरोपीय संघात 112, संयुक्त अरब अमिरातीत 998, ब्रिटनमध्ये 999. तो क्रमांक, इमारतीचा स्थानिक लिपीतला पत्ता आणि पेन ठेवल्याची जागा मी खोलीच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि नवा सोबती आला की त्याला सरावाच्या बिनसुईच्या पेनाने एकदा टोचायला लावतो.